स्थानक कोठे असावे?

नकाशावर पट्टी ठेवून दोन टोके जोडली की मार्ग आखून झाला, असे विद्यार्थ्यांना वाटण्याचा संभव आहे. त्यांनी मुंबईच्या भुयारी मेट्रोचा नकाशा अवश्य पाहावा. कफ परेडपासून आरेपर्यंतचा हा ३३.५ किलोमीटरांचा मार्ग ऑक्टोबर २०२५ मध्ये पुरता खुला झाला. चर्चगेटहून तो सरळ उत्तरेस जात नाही. पूर्वेस वळून हुतात्मा चौकावरून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस गाठतो आणि पुन्हा पश्चिमेस काळबादेवी-गिरगावात येतो. हा वळसा कशासाठी? चर्चगेटला पश्चिम रेल्वेचा उतारू उतरतो, टर्मिनसला मध्य रेल्वेचा. दोघांनाही ही गाडी मिळावी म्हणून.

स्थानके २७, म्हणजे मधली अंतरे २६. भागाकार केल्यास सरासरी अंतर सुमारे १.३ किलोमीटर येते. स्थानके याहून जवळ का नाहीत? वेग उतरविणे, थांबणे व पुन्हा वेग घेणे यांत दर थांब्याला जवळजवळ एक मिनिट जाते. १९०० साली सुरू झालेल्या पॅरिसच्या मेट्रोत स्थानके साधारण अर्ध्या किलोमीटरवर आहेत. तेथे चालणे थोडे, पण गाडी मंद. गणित दोन्हीकडे बरोबरच आहे.

खरा पेच पडला तो गिरगाव-काळबादेवीत. आम्हां गोमंतकीयांना हा भाग परका नाही. पोटासाठी मुंबईस गेलेल्या आपल्या कित्येक पिढ्या प्रथम गिरगाव-धोबीतलावाकडेच उतरल्या. बोगदा घराखालून जाऊ शकतो, वरच्या बिऱ्हाडाला चूल हलवावी लागत नाही. स्थानकाचे तसे नव्हे. खाली आठ डब्यांच्या गाडीला पुरेल एवढा फलाट हवा आणि वर जिन्यांना व हवा खेळविण्याच्या वाटांना जमीन हवी. येथे रस्ते अरुंद, दोन्ही अंगांना चाळी. तेव्हा काही इमारती पाडाव्या लागल्या. रहिवाशांना त्याच परिसरात घरे देण्याचे ठरले खरे, पण मधली वर्षे त्यांना अन्यत्र काढावी लागली.

स्थानके गाळली असती तर? त्या इमारती राहिल्या असत्या. पण गाडी गिरगावकरांच्या पायांखालून धावली असती आणि तिच्यात बसण्यास त्यांना ग्रँट रोड गाठावे लागले असते. स्थानके झाली ती योग्यच, असे आमचे मत आहे. मात्र आराखड्यावर स्थानकाचा चौकोन काढताना, त्याशेजारी उठणाऱ्या बिऱ्हाडांची संख्या व त्यांच्या नव्या घराची तारीखही लिहिलेली असावी.