आधी पाणी, मग सायकल

ट्रायथलॉन करायचंय म्हणून कळस, शेळगाव, लासुर्णे भागातली तरुण मंडळी मला भेटायला येतात. प्रश्न बहुधा सायकलीचा असतो. कोणती घ्यावी, कितीची घ्यावी, जुनी मिळाली तर चालेल का. पळण्याचं थोडंफार विचारतात. पोलीस भरतीच्या तयारीमुळे पहाटेचं पळणं आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. पोहण्याचं मात्र कुणी विचारत नाही. पाठीला डबा बांधून विहिरीत शिकलेल्या माणसाने पोहण्याबद्दल काय विचारायचं, असंच सगळे धरून चालतात. मी मात्र सुरुवात पोहण्यापासूनच करतो.

गोव्यात २०१९ मध्ये सुरू झालेली आयर्नमॅन ७०.३ ही ट्रायथलॉन शर्यत आपल्या बहुतेकांच्या डोळ्यांसमोर असते. १.९ किलोमीटर समुद्रात पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि २१.१ किलोमीटर पळणं, हे सगळं साडेआठ तासांत. पोहायला १ तास १० मिनिटं मिळतात. कागदावर पोहण्याचा वाटा सगळ्यांत छोटा दिसतो, म्हणून सरावातही तो मागे पडतो.

विहिरीत आपण मान वर ठेवून पोहतो. चार हात मारले की काठ येतो, पायऱ्या येतात, मोटारीचा पाइप हाताला लागतो. तोंड पाण्यात घालून श्वास सोडत राहायची वेळच येत नाही. मुटका मारणं, तळाची माती काढून आणणं यात आपली पोरं तरबेज असतात, पण सलग अर्धा-पाऊण तास हाताला काहीही न लागता पोहत राहणं त्यांनी केलेलं नसतं.

मी स्वतः बारामतीच्या जलतरण तलावात सराव करून गोव्याला गेलो होतो. अंतर आरामात पार होत होतं, प्रशिक्षकही समाधानी होते. मिरामारच्या पाण्यात उतरलो आणि सुरुवातीच्याच टप्प्यात शेजारच्याचं कोपर चष्म्यावर बसलं. डोळ्यात खारं पाणी, तोंड उघडलं तर तेवढ्यात लाट. छाती आवळल्यासारखी झाली. श्वास आत जात नाही असं वाटत होतं; प्रत्यक्षात तो पुरता बाहेरच पडत नव्हता. भीतीने माणूस वरवरचे, भराभर श्वास घेतो, आतली हवा आतच राहते आणि नव्या हवेला जागा उरत नाही. हातपाय धडधाकट होते, दमही शिल्लक होता, तरी पुढे सरकता येईना.

उताणा झालो आणि एक हात वर केला. छोट्या होडीवरचा स्वयंसेवक वल्हं मारत आला. होडीला धरून थांबायला नियमाची आडकाठी नसते, फक्त तिच्या आधाराने पुढे जायचं नाही. हे आधी वाचलेलं होतं म्हणून शर्यत संपल्याचं दडपण आलं नाही. होडी धरून लांब फुंकर मारल्यासारखा श्वास सोडत राहिलो. छाती मोकळी झाली, आधी बेडकासारखे हात मारत निघालो, मग नेहमीच्या पोहण्यावर आलो आणि वेळेच्या आत वाळूला पाय लागले.

म्हणून सरावात अंतर वाढवण्याआधी तीन सवयी लावून घ्या. पाण्याखाली तोंडाने-नाकाने संपूर्ण श्वास सोडणं ही पहिली. दुसरी, पोहता पोहता उताणं होऊन तरंगायचं आणि पुन्हा पालथं होऊन पोहायला लागायचं, हे अगदी दम लागलेला असतानाही जमलं पाहिजे. तिसरी सवय समोरचा बोया बघण्याची. तलावात तळाला काळी पट्टी असते, समुद्रात काहीच दिसत नाही. दर आठ-दहा हातांनी मगरीसारखे फक्त डोळे पाण्यावर काढून दिशा बघायची. सगळी मान उचलली की कंबर खाली जाते आणि दम तिथेच जातो. एका पट्ट्यात तिघा-चौघांनी मुद्दाम खेटून पोहा, धक्के खा, चष्मा निघू द्या. शर्यतीत थोड्या थोड्या जणांना सोडतात. तिथे बेताच्या वेगाच्या लोकांत, कडेला उभे राहा. आदल्या दिवशी सरावाचं पोहणं ठेवलेलं असेल तर ते चुकवू नका. खाऱ्या पाण्याची चव तोंडाला शर्यतीआधी कळलेली बरी.

आता सराव करायचा कुठे. कालव्यात नाही. आवर्तन सुटलं की पाणी भरून वाहताना बघून मोह होतो, पोरं उड्या मारतात, त्याचे व्हिडिओ काढतात, आणि मला ते बघवत नाही. अस्तराच्या उतारावर शेवाळ असतं, हात टिकत नाही, पाय टिकत नाही, आणि पाणी तुम्हाला दारांकडे किंवा मोरीकडे ओढत नेतं. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही तिथून वर येता येत नाही.

उजनी धरणाच्या फुगवट्याचं पाणी मोकळं आहे, पण तेही नीट समजून घेतलं पाहिजे. चिलापीसाठी लावलेली जाळी पोहणाऱ्याला दिसत नाहीत आणि पाय गुंतला की गुंता वाढतच जातो. वाळू काढलेले खड्डे, बुडालेल्या जुन्या गावांच्या भिंती आणि झाडांचे बुंधे खाली आहेत. पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून इथेच येतं. पाणी हिरवं दिसत असेल त्या दिवशी उतरू नका. आणि वारा. २१ मे २०२४ ला कुगावहून कळाशीला येणारी बोट वादळी वाऱ्यात उलटून सहा जण गेले. ती माणसं याच भागातली होती. तेव्हा जायचंच असेल तर सकाळी लवकर, जाळी कुठे आहेत हे माहीत असलेल्या मच्छीमाराची होडी सोबत घेऊन, कमरेला भडक रंगाचा तरंगता फुगा बांधून जा. एकट्याने कधीच नाही.

पाण्यातला आणखी एक धोका हृदयाचा. अमेरिकेतल्या १९८५ ते २०१६ या काळातल्या ट्रायथलॉन शर्यतींचा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. मृत्यूच्या किंवा हृदय बंद पडण्याच्या १३५ घटना त्यात तपासल्या आहेत आणि त्यातल्या ९० पोहताना घडल्या. बहुतेक पुरुष होते, सरासरी वय ४७. आपल्याकडे ही हौस नेमकी चाळिशीच्या पुढे, मुलं मोठी झाल्यावर आणि हातात थोडा पैसा आल्यावर येते. म्हणून सायकलीला लाखभर रुपये घालण्याआधी हृदयाच्या डॉक्टरांना भेटा. ईसीजी, स्ट्रेस टेस्ट, टू-डी इको यातलं काय करायचं ते त्यांना ठरवू द्या. वडिलांना, भावाला हृदयाचा त्रास असेल तर ते लपवू नका. पोहताना खोकला सुरू झाला, थुंकीत गुलाबी फेस दिसला किंवा थांबूनही धाप कमी होईना, तर हात वर करून बाहेर यायचं. तो नुसता भीतीचा दम नसतो, फुप्फुसात पाणी साठायला लागलेलं असू शकतं.

गोव्यात पळताना त्रास होतो तो दमट हवेचा. आपल्याकडे घाम आला की वाळतो, शर्टावर मिठाचे पांढरे पट्टे उमटतात. गोव्यात घाम वाळतच नाही, नुसता ठिबकत राहतो, आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. कळसच्या उन्हात जमणारा वेग तिथे जमणार नाही हे धरूनच हिशेब करा. जमलं तर आठवडाभर आधी जाऊन राहा. सरावाच्या आधी आणि नंतर वजन करा: एक किलो घटलं म्हणजे साधारण लिटरभर पाणी गेलं. पण तेवढं सगळं साधं पाणी ढोसू नका. रक्तातलं मीठ पातळ झालं की मळमळ, डोकं जड, मग भ्रम, असं वाढत जातं. ओआरएसची पुडी पाकिटावर लिहिलेल्या मापाच्याच पाण्यात, आणि जे खायचं ते सरावात खाऊन बघितलेलं.

सायकलीचं थोडक्यात. गाळप हंगामात अंधारात निघू नका. उसाच्या जुगाडांना आणि दुहेरी ट्रॉल्यांना मागे दिवा असेलच असं नाही. बाभळीचे काटे आहेत म्हणून दोन ट्यूब जवळ ठेवा आणि मागचं चाक स्वतः काढायला शिका. माळावर मेंढ्यांचा वाडा बसलेला दिसला तर उतरून चालत जा, राखणीची कुत्री वेगाच्याच मागे लागतात. पहाटे चिंकारा रस्ता ओलांडतात, त्यांना जाऊ द्या.

शहरातल्या प्रशिक्षकांची वेळापत्रकं आपल्याला जशीच्या तशी लागू पडत नाहीत, कारण त्यांना शेतीच्या रात्रीच्या विजेची पाळी नसते. आपल्याकडे एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री मोटार चालते. रात्रभर उसाला दारं धरून पहाटे शंभर किलोमीटर सायकल मारणारे मी बघितलेत आणि त्यातले काही डुलकी लागून चारीत गेले. रात्रपाळीच्या आठवड्यात लांबचा सराव काढून टाका, संध्याकाळी थोडं पळा, तेवढं पुरे. वेळापत्रक घरच्यांना दाखवून ठेवा, म्हणजे दाऱ्यावर कोण जाणार हे आधी ठरेल. आणि झोप झाली नसेल त्या दिवशी पाण्यात उतरू नका, तलाव असला तरी.