लव एका थराची, बी दुसऱ्याचं

प्रश्न : ‘पिनो म्युनिए’ या फ्रेंच द्राक्षाच्या कोवळ्या पानांवरची पांढरी लव बियांतून पुढच्या पिढीत उतरते का?

उत्तर : सहसा नाही. शेंड्याच्या वाढबिंदूत पेशींचे थर असतात. पहिल्यातून बाह्यत्वचा घडते, दुसऱ्यातून परागकण आणि बीजांडातली अंडपेशी. म्युनिएचा जनुकीय बदल फक्त पहिल्या थरात आहे, म्हणून तिची लागवड काडीपासूनच करावी लागते.

ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ऊतिसंवर्धनाने हे थर वेगळे केले. निव्वळ पहिल्या थराची वेल खुजी निघाली आणि, घडाची बाळी (आधाराचा तणावा) होताना पाहून हळहळणाऱ्या नाशिकच्या बागायतदारांना नवल वाटेल, बाळीच्या जागीही घडच धरू लागली!

याचं कारण २००२ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालं : जिबरेलिन या वाढ-संप्रेरकाला प्रतिसाद देणाऱ्या जनुकातला बदल. बागायतदार ज्या ‘जीए’त घड बुडवतात, तेही जिबरेलिनच.