दोनशे रुपयांचा दस्त

बँकेचा व्हॅल्युएशनवाला दारात आला तेव्हा मी शाळेतून नुकतीच परतले होते. टेप उलगडत त्याने विचारलं, "मॅडम, मागची बाल्कनी कधी बंद करून घेतली?" कशासाठी मोजताय म्हटल्यावर तो गोंधळला. "साहेबांनी फ्लॅटवर लोन टाकलंय ना?"

साहेब म्हणजे माझा नवरा. कर्ज दिराच्या ट्रान्सपोर्टच्या धंद्यासाठी. आणि माझ्या कपाटात, साड्यांच्या घडीखाली, आम्हा दोघांच्या सह्यांचा करारनामा: नाशिकच्या या फ्लॅटचा अर्धा हिस्सा माझा, आणि मला विचारल्याशिवाय फ्लॅट गहाण पडणार नाही.

दुसऱ्या दिवशी तो करारनामा घेऊन बँकेत गेले. अधिकाऱ्याने पहिलं पान पाहिलं, मग थेट शेवटचं. "हा नोटरीचा शिक्का झाला. दस्त नोंदवलाय का? इंडेक्स टूवर तुमचं नाव नाही, ताई." मागे रांगेत माणसं उभी होती. मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला, पण घडी नीट बसेना.

रात्री नवरा म्हणाला, "तुझ्या समाधानासाठी केला होता तो कागद." 2019 मध्ये सही केल्यावर याच माणसाने माझ्या आईला फोन लावून सांगितलं होतं, आता लेकीची काळजी सोडा.

मी अडाणी नाही. वीस वर्षं गणित शिकवते आहे. निम्मे हप्ते माझ्या पगारातून गेले, डाऊन पेमेंटसाठी माझ्या पाटल्या मोडल्या. आता नातेवाईक म्हणतात, आधी विचारायचं. विचारलं होतं! करार लिहिणाऱ्या वकिलालाच विचारलं, नोंदणी लागेल का? "नवरा-बायकोत कसली नोंदणी, वहिनी?" वकील नवऱ्याच्या ओळखीचा, फी नवऱ्याने दिलेली. म्हणून पहिलं सांगणं हेच: दोघांत एक वकील ठेवू नका. आपला वकील आपण शोधायचा, त्याचे पैसे आपण द्यायचे.

घर, जमीन अशा स्थावर मालमत्तेत हक्क देणारा दस्त 1908 च्या नोंदणी कायद्याप्रमाणे नोंदवावाच लागतो. तो सहीपासून चार महिन्यांत दुय्यम निबंधकाकडे न्यायचा. उशीर झाला तर दंड भरून आणखी चार महिने मिळतात. मला कळलं तेव्हा चार वर्षं उलटून गेली होती. सोसायटीत नॉमिनी म्हणून माझं नाव आहे, त्यानेही मी मालक होत नाही.

सगळ्यात जास्त जळतं ते वेगळंच. महाराष्ट्रात राहत्या घराचं बक्षीसपत्र नवऱ्याने बायकोला करून दिलं, तर मुद्रांक शुल्क 200 रुपये. स्थानिक अधिभार आणि नोंदणीचा खर्च वेगळा, पण तोही आम्हाला जड नव्हता. आमचं कर्ज 2018 मध्येच फिटलं होतं, बँकेची परवानगीसुद्धा लागली नसती. दोन साक्षीदार घेऊन एक सकाळ निबंधक कार्यालयात गेलो असतो, तर अर्धा फ्लॅट खरोखर माझा झाला असता. आम्ही त्याऐवजी 500 च्या स्टॅम्पपेपरवर सह्या केल्या. मडगावच्या मावसबहिणीला तर मुळात कागद कशाला लागतो हेच उमगेना. गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केला नसेल, तर संपत्तीत दोघांचा निम्मा-निम्मा वाटा कायद्यानेच ठरतो.

त्याच करारात आणखी एक कलम घुसवलं होतं: पत्नी पोटगीचा हक्क कायमचा सोडत आहे. ते दाखवून नवऱ्याने मला आठ महिने गप्प बसवलं. तुमच्याही कागदात असं काही असेल तर घाबरू नका. पोटगीचा कायदेशीर हक्क असा करार करून संपत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये एका तडजोडीच्या प्रकरणात हेच सांगितलं आहे.

आपण घातलेल्या पैशांचे पुरावे जपा. हप्ते आपल्या खात्यातून थेट कर्जखात्यात जाऊ द्या. मी दर महिन्याला नवऱ्याच्या खात्यात टाकत होते, आता तो म्हणतो ते घरखर्चाचे होते. पाटल्या मोडल्याची सराफाची पावतीही त्याच्याच नावाची निघाली, कारण त्या दिवशी दुकानात बोलत तो होता. आणि नातं गोड असतानाच कागद पक्का करा. बिनसल्यावर निबंधकासमोर यायला कोणी तयार होत नाही.

दावा दिवाणी न्यायालयात चालू आहे. माझ्या नव्या वकीलबाई म्हणतात, न नोंदवलेल्या कागदाने मालकी मिळत नसली, तरी आनुषंगिक गोष्टींसाठी तो पुरावा म्हणून दाखवता येऊ शकतो. मूळ प्रत हातची सोडू नका. गेल्या महिन्यात दिराचा निरोप आला: तो कागद परत दे, मग बसून बोलू.

दिला नाही.