वाळू पाण्यासारखी कां होते?

भीमेच्या कांठीं वाढलेल्या डाळजच्या मुलांस वाळू कांहीं नवी नाहीं. पाण्यालगतच्या ओल्या वाळूंत एकाच जागीं उभें राहून पाय हालवीत राहिलें, तर वाळू मऊ पडते व पाय घोट्यापर्यंत आंत जातो, हें कित्येकांनीं अनुभविलें असेल. क्षणापूर्वीं आपला भार पेलणारी वाळू अशी एकाएकीं दगा कां देते? प्रश्न खेळांतला दिसतो; परंतु त्याच्या उत्तरावर मोठमोठ्या इमारतींची स्थिरता अवलंबून असते.

यासाठीं आम्हीं वर्गांत एक सोपा प्रयोग केला. बादलींत पाणी घेऊन त्यांत कोरडी वाळू हलक्या हातानें सोडली. पाणी वाळूच्या पातळीस आल्यावर थांबलों. वाळूंत एक रिकामी, घट्ट बुचाची बाटली पुरली व वर एक वीट उभी केली. वीट स्थिर राहिली. मग बादलीच्या अंगावर लाकडी मोगरीनें भराभर ठोके दिले. पाहतां पाहतां वीट कलून रुतली, बाटली वर आली आणि वाळूवर पाणी सांचलें. वाळू तीच, पाणीहि तेंच. नवा होता तो केवळ हादरा.

याचें कारण असें. वाळूचे कण एकमेकांस टेकलेले असतात व वरचें ओझें एक कण दुसऱ्यास देत खालीं पोंचवितो. पायलींत ज्वारी भरून ती हालविली म्हणजे दाणे दाटून बसतात, हें आपण घरीं पाहतों. सैल वाळूहि हादऱ्यानें तशीच दाटूं पाहते. परंतु कणांमधील जागा पाण्यानें भरलेली असते, आणि त्या पाण्यास क्षणांत निघून जाण्यास वाट नसते. त्यामुळें ओझें कणांवरून पाण्यावर येतें, पाण्याचा दाब वाढतो, कणांचा परस्पर आधार सुटतो, आणि वाळू द्रवासारखी वागूं लागते. यासच द्रवीभवन म्हणतात. जड वस्तु बुडतात, हलक्या वर येतात. पुढें पाणी निघून गेलें म्हणजे जमीन पुन्हां घट्ट होते, पण खचलेली राहते.

ता. १५ जानेवारी १९३४ रोजीं बिहारांत मोठा भूकंप झाला, तेव्हां जमिनीच्या भेगांतून पाणी व वाळू उसळली, शेतें वाळूखालीं गेलीं, विहिरी बुजल्या व घरें कलून खचलीं. जपानांतील निईगाता शहरीं १९६४ सालीं चांगल्या मजबूत इमारती न मोडतां आडव्या कलल्या. दोष भिंतींचा नव्हता, खालच्या जमिनीचा होता. ता. २६ जानेवारी २००१ च्या कच्छच्या भूकंपांत चांग येथील मातीचें धरण पायाखालची ओली, रेताड माती द्रवल्यामुळें खचलें. धरणांत त्या वेळीं पाणी थोडें होतें, म्हणून अनर्थ टळला.

मात्र प्रत्येक पडझडीस हेंच कारण समजूं नये. ता. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं किल्लारीकडे प्राणहानि झाली ती मुख्यतः दगडमातीच्या जड भिंती कोसळून. द्रवीभवनास सैल वाळू, तिच्यांत भरलेलें पाणी व जोराचा हादरा हीं तिन्ही एकत्र यावीं लागतात. आपल्या भागांतील काळी चिकण माती सहसा अशी द्रवत नाहीं, कारण तिचे बारीक कण एकमेकांस चिकटून असतात. आणि कातळास तर हें भयच नाहीं.

तथापि उजनी धरण १९८० सालीं पूर्ण झाल्यापासून त्याचा फुगवटा आपल्या शेजारीं पसरला आहे. पाण्याजवळची सखल जागा वाळूनें भरून वर घर उठविण्याचा मोह कोणासहि होईल. अशा वेळीं पालकांनीं भिंतीच्या उंचीपूर्वीं तीन गोष्टी विचाराव्या: खालीं माती कोणती, ती किती दाटून बसविली आहे, आणि पाणी किती हातांवर लागतें. भराव थराथरानें ठोकून घ्यावा, शक्य तेथें पाया मुरुमापर्यंत न्यावा, व जाणत्या इंजिनियराचा सल्ला घ्यावा. भूकंप केव्हां येईल हें सांगतां येत नाहीं. पण पायाखालीं काय आहे हें आजच खणून पाहतां येतें.