खोपोली : घाटाखालील पेठ

यशयाच्या 40 व्या अध्यायांतील मार्ग सिद्ध करण्याविषयींचा पाठ शिकवितांना उपदेशकांनीं खोपोलीचा दाखला घ्यावा. बोरघाटाच्या पायथ्याचें हें जुनें मुक्कामाचें ठिकाण होय. नाना फडणविसांनीं येथें तलाव व महादेवाचें देऊळ बांधिलें. वाटसरूस पाणी देणें हें सत्कृत्यच. तें परधर्मीयानें केलें म्हणून कमी लेखूं नये.

सन 1830 त घाटांत गाडीरस्ता झाला. सन 1856 त आगगाडी खोपोलीस आली, आणि सन 1858 त पुण्याकडील लोहमार्ग खंडाळ्यापर्यंत आला. मधला चढ उतारू पालखींत किंवा तट्टावर बसून चढत. खोपोलीस उतरल्यावांचून कोणास गत्यंतर नव्हतें. सन 1863 त कर्जताहून पळसदरीवरून घाटाचा लोहमार्ग खुला झाला, व खोपोली फांट्यावर राहिली.

त्या कामावर सन 1861 च्या आरंभीं सुमारें 42,000 मजूर होते. त्यापूर्वींच्या पटकींत पुष्कळ मेले. मक्तेदार ट्रेडवेल साहेब सन 1859 त वारले. पुढें त्यांच्या पत्नी ॲलिसबाईंनीं मक्ता चालविला, हें इतिहासांत नमूद आहे. मजुरांचीं नांवें कोणीं लिहिलीं? आपल्या मंडळींत कोणाचे पूर्वज त्या कामावर होते काय, हें घरोघर विचारावें, आणि एखादें नांव मिळाल्यास तें मंडळीच्या वहींत लिहून ठेवावें.