कसोटीवीरांची कारकीर्द का संपते?

एखाद्या क्रिकेटपटूने पहिली कसोटी कधी खेळली हे आपल्यापैकी अनेकांना तोंडपाठ असते. पदार्पणातच शतक काढले असेल तर विचारायलाच नको. शेवटची कसोटी मात्र फारशी कोणाच्या लक्षात राहत नाही. याचे कारण उघड आहे. ती कसोटी चालू असताना ती आपली शेवटची आहे, हे बहुधा त्या खेळाडूलाही ठाऊक नसते.

क्रिकेटच्या वेडापायी मी एक वही केली आहे. तिच्या प्रत्येक पानावर एका खेळाडूचे नाव, त्याची शेवटची कसोटी, त्यातील कामगिरी आणि अखेरचा रकाना 'कारण' असा आहे. पहिले तीन रकाने झटपट भरले. चौथ्यापाशी मात्र लेखणी अडली, कारण धावफलकात तो रकाना नसतोच. आपण साधारणपणे 'फॉर्म गेला' किंवा 'वय झाले' एवढे म्हणून मोकळे होतो. ही दोन उत्तरे पुष्कळांच्या बाबतीत अपुरी आहेत, आणि काहींच्या बाबतीत तर अन्यायाची आहेत, असे माझे या अभ्यासानंतरचे मत आहे. ते वाचकांपुढे उदाहरणांसह मांडतो.

१. शरीराची मर्यादा

दुखापत हे सर्वांत सरळ कारण. त्याचे सर्वांत हृदयद्रावक उदाहरण नरी कॉन्ट्रॅक्टर यांचे. त्यांच्याच नेतृत्वाखाली १९६१-६२ च्या मोसमात भारताने इंग्लंडविरुद्ध पहिली कसोटी मालिका जिंकली. लगेच संघ वेस्ट इंडिजला गेला. मार्च १९६२ मध्ये बार्बाडोस संघाविरुद्धच्या सामन्यात चार्ली ग्रिफिथ यांचा चेंडू कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर आदळला. कवटीला तडा गेला, शस्त्रक्रिया कराव्या लागल्या, आणि रक्त देणाऱ्यांत प्रतिस्पर्धी कर्णधार फ्रँक वॉरेलही होते. कॉन्ट्रॅक्टर यांचे वय त्या वेळी अवघे २८ होते. पुढच्याच कसोटीत २१ वर्षांच्या पतौडींना कर्णधारपद सांभाळावे लागले.

कॉन्ट्रॅक्टर वाचले. एवढेच नव्हे, तर रणजी करंडकाच्या सामन्यांत ते पुन्हा फलंदाजीला उतरले. कसोटी संघाचे बोलावणे मात्र परत आले नाही. त्यांच्या डोक्यात बसवलेली धातूची पट्टी तब्बल ६० वर्षांनी, २०२२ साली काढण्यात आली. ३१ कसोट्यांचा हा हिशेब ज्या चेंडूने बंद केला, तो चेंडू कसोटी सामन्यातला नव्हता. त्यामुळे कसोटीच्या कोणत्याही धावफलकात त्याची नोंद सापडत नाही.

सर्वांनाच असा आघात सोसावा लागत नाही. आपल्या कर्नाटकचे अनिल कुंबळे यांनी नोव्हेंबर २००८ मध्ये दिल्लीत, हाताच्या करंगळीला टाके पडल्यानंतर निवृत्ती जाहीर केली. तेव्हा त्यांच्या नावावर ६१९ बळी होते. ज्या कोटला मैदानावर त्यांनी १९९९ साली पाकिस्तानचे एका डावात दहाच्या दहा गडी बाद केले होते, तेच हे मैदान. शरीराने इशारा दिला आणि त्यांनी तो मानला.

२. निवड समितीची मर्जी

विजय मांजरेकर हे तंत्रशुद्ध फलंदाजीचे आदर्श मानले जात. १९६५ साली मद्रास येथे न्यूझीलंडविरुद्ध दुसऱ्या डावात त्यांनी नाबाद १०२ धावा केल्या. हीच त्यांची ५५वी आणि शेवटची कसोटी. त्या मालिकेत अजून तीन कसोट्या व्हायच्या होत्या. नाबाद शतक हा ज्याच्या कसोटी जीवनाचा शेवट आहे, त्याचा 'फॉर्म गेला' असे कोणत्या तोंडाने म्हणावे?

दुसरे उदाहरण आपल्या शेजारच्या मडगावचे. दिलीप सरदेसाई यांनी १९७१ च्या वेस्ट इंडिज दौऱ्यात ६४२ धावा काढल्या. किंग्स्टनला त्यांनी काढलेल्या २१२ धावांमुळे संकटात सापडलेला भारताचा डाव सावरला. भारताने ती मालिका जिंकली. या पराक्रमानंतर दोन वर्षेही झाली नाहीत तोच, डिसेंबर १९७२ मधील इंग्लंडविरुद्धची दिल्ली कसोटी त्यांची अखेरची ठरली. कसोटीतील त्यांच्या धावा २००१.

त्या मालिकेचे कर्णधार अजित वाडेकर यांचीही तीच गत. १९७१ साली वेस्ट इंडिज आणि इंग्लंड या दोघांना त्यांच्या घरी हरवून आलेल्या या कर्णधाराला लोकांनी डोक्यावर घेतले. १९७४ साली इंग्लंडमध्ये तिन्ही कसोट्या गेल्या, लॉर्ड्सवर सारा संघ ४२ धावांत बाद झाला, आणि वाडेकर परतले ते पश्चिम विभागाच्या संघातूनही वगळले जाण्यासाठी. त्यांनी निवृत्ती पत्करली. पराभव अकरा जणांचा होता, पण त्याचा सर्वांत मोठा भुर्दंड एकाला पडला. ते स्टेट बँकेत नोकरीला होते, आणि पुढे १९९० च्या दशकात भारतीय संघाचे व्यवस्थापक म्हणूनही यशस्वी झाले.

३. मैदानाबाहेरचा ठपका

माझ्या वहीतले सर्वांत अस्वस्थ करणारे पान सुभाष गुप्ते यांचे आहे. लेगस्पिनच्या या जादूगाराने १९५८ साली कानपूरला वेस्ट इंडिजच्या एका डावात १०२ धावांत नऊ बळी घेतले. तोवर कोणा भारतीयाने एका डावात नऊ बळी घेतले नव्हते. गॅरी सोबर्स यांच्यासारखा जाणकार त्यांना सर्वश्रेष्ठ लेगस्पिनर मानी.

डिसेंबर १९६१ मध्ये इंग्लंडविरुद्धच्या दिल्ली कसोटीच्या वेळी हॉटेलात गुप्ते यांच्याबरोबर एकाच खोलीत राहणाऱ्या सहकाऱ्याने स्वागतकक्षातील तरुणीला फोन करून पेयपानाचे निमंत्रण दिले. तिने तक्रार केली. फोन गुप्ते यांनी केला नव्हता. पण खोली दोघांची, म्हणून ठपकाही दोघांवर आला. सहकाऱ्याला तुम्ही अडवले का नाही, असा सवाल गुप्ते यांना करण्यात आला. दोघेही संघाबाहेर गेले. वेस्ट इंडिजच्या दौऱ्यावर गुप्ते यांची निवड झाली नाही आणि ते पुन्हा कधीच कसोटी खेळले नाहीत. नुकतीच त्यांनी वयाची ३२ वर्षे पुरी केली होती. त्यांचे बळी १४९. दीडशेला एक कमी.

आणि ज्याने फोन केला, तो खेळाडू? तो पुढे भारतातर्फे पुन्हा कसोटी खेळला. गुप्ते त्रिनिदादला, पत्नीच्या देशात, स्थायिक झाले आणि २००२ साली तेथेच निवर्तले. त्या तरुणीने तक्रार केली यात तिचे काहीच चुकले नाही. तक्रारीची चौकशी करणे मंडळाचे कर्तव्यच होते. पण ज्याचा दोष त्याला शिक्षा, हा साधा न्यायसुद्धा येथे पाळला गेला नाही.

४. काळ पुढे जातो

बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर व वेंकटराघवन या फिरकी चौकडीचे उदाहरण वेगळे आहे. यातील प्रसन्ना आणि चंद्रशेखर कर्नाटकचे. चंद्रशेखर यांनी तर लहानपणी पोलिओने लुळा केलेल्या हातानेच २४२ बळी मिळवले. १९७८ च्या पाकिस्तान दौऱ्यात झहीर अब्बास आणि मियाँदाद यांनी या गोलंदाजांना झोडपून काढले. लाहोरची कसोटी प्रसन्नांची शेवटची ठरली. बेदींचे कर्णधारपद गेले. १९७९ च्या इंग्लंड दौऱ्यानंतर बेदी व चंद्रशेखरही कसोटीत दिसले नाहीत. वेंकटराघवन तेवढे १९८३ पर्यंत अधूनमधून खेळत राहिले.

येथे कोणाला दोष द्यावा असे मला वाटत नाही. ज्या दौऱ्यात ही चौकडी मोडली, त्याच दौऱ्यात फैसलाबादला कपिलदेव नावाच्या १९ वर्षांच्या मुलाने पहिली कसोटी खेळली. बेदींची जागा रिकामी झाली म्हणून दिलीप दोशी यांना एकतिसाव्या वर्षी पदार्पण करता आले आणि त्यांनी ११४ बळी मिळवले. मुंबईचे पद्माकर शिवलकर मात्र बेदींच्या काळात जन्मल्यामुळे एकही कसोटी न खेळता राहिले. एकाची अखेर ही दुसऱ्याची सुरुवात असते, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

५. राजकारण

दक्षिण आफ्रिकेच्या वर्णद्वेषी धोरणामुळे १९७० नंतर त्या देशाचे कसोटी क्रिकेट दोन दशके बंद राहिले. बॅरी रिचर्ड्स यांनी चार कसोट्यांत ५०८ धावा केल्या होत्या. पाचवी त्यांच्या नशिबी नव्हती. ग्रॅमी पोलॉक २३ कसोट्यांत जवळजवळ ६१ ची सरासरी ठेवून थांबले. त्यांच्याबद्दल हळहळ वाटणे स्वाभाविक आहे. पण त्याच देशातील कृष्णवर्णीय खेळाडूंना पहिल्या कसोटीचेही दार कधी उघडे नव्हते, हे विसरून ही हळहळ करू नये. बहिष्कार योग्यच होता. त्याची किंमत काही गुणी माणसांना मोजावी लागली, हेही तितकेच खरे.

६. स्वतःचा निर्णय

आपला शेवट आपणच ठरवण्याचे भाग्य थोड्यांना लाभते. सुनील गावसकर यांनी मार्च १९८७ मध्ये बंगळूरच्या आखाडा झालेल्या खेळपट्टीवर पाकिस्तानविरुद्ध ९६ धावांची झुंज दिली. भारत १६ धावांनी हरला, पण ही त्यांची शेवटची कसोटी आजही आदराने आठवली जाते.

याउलट कपिलदेव हॅडली यांचा ४३१ बळींचा विक्रम मागे टाकेपर्यंत खेळले आणि १९९४ साली ४३४ वर थांबले. म्हैसूरच्या जवागल श्रीनाथ यांचे पदार्पण १९९१ चे. पण मायदेशातली पहिली कसोटी खेळायला त्यांना नोव्हेंबर १९९४ उजाडावा लागला. घरच्या खेळपट्ट्यांवर तीन फिरकी गोलंदाज खेळवण्याचा प्रघात हेही त्याचे एक कारण होते. तरीसुद्धा, मोठ्या खेळाडूने केव्हा थांबावे हा प्रश्न केवळ त्याच्या एकट्याचा नसतो, हे यातून दिसते.

निष्कर्ष

मराठीत तीन वाक्प्रयोग आहेत: कारकीर्द संपते, ती संपवली जाते आणि खेळाडू ती संपवतो. कॉन्ट्रॅक्टर यांची संपली, गुप्ते यांची संपवली गेली आणि गावसकर यांनी संपवली. या तिन्हींना 'त्याच्यात दम उरला नाही' या एकाच मापाने मोजणे हा अभ्यास नव्हे, आळस आहे.

आणखी एक सावधगिरी. शेवट झाला असे आपण ठरवतो, तोही कधी शेवट नसतो. करुण नायर यांनी डिसेंबर २०१६ मध्ये चेन्नईला नाबाद ३०३ धावा केल्या, आणि पुढच्याच कसोटीत त्यांना जागा मिळाली नाही. २०१७ नंतर तर अनेक वर्षे त्यांना एकही कसोटी खेळायला मिळाली नाही. देशांतर्गत सामन्यांत ते धावा करीत राहिले आणि जून २०२५ मध्ये लीड्सला पुन्हा भारताचे फलंदाज म्हणून उभे राहिले. मधली आठ वर्षे त्यांनी कशी काढली असतील याचा विचार आपल्या महाविद्यालयाच्या संघातून वगळल्या गेलेल्या प्रत्येक मित्राने करावा.

निवडीची यादी म्हणजे काही माणसांचे त्या दिवशीचे मत. ते बरोबर असेल, चूकही असेल; ते बदलणे नेहमीच आपल्या हाती नसते. सराव आपल्या हाती असतो, आणि वाडेकरांप्रमाणे खेळाबरोबर शिक्षण व नोकरी सांभाळणेही आपल्या हाती असते. माझ्या वहीत अजून पुष्कळ पाने कोरी आहेत. दोन्ही विभागांतील क्रिकेटप्रेमी वाचकांनी आपल्या आवडत्या खेळाडूचा चौथा रकाना स्वतः भरून पाहावा, एवढेच सुचवतो.