लेबलं लिहिणाऱ्या भाचीला

चि. मृणाल,

संग्रहालयात तुझ्या वाट्याला कपाटं आणि लेबलं आली, संशोधन दुसऱ्यांकडे गेलं, याचं तुला वाईट वाटतंय. तुझं पत्र वाचताना मला एडवर्ड ब्लिथ आठवला.

लंडनजवळ टूटिंगला त्याचं औषधांचं दुकान होतं. जीव मात्र पाखरांत, त्यामुळे दुकान बसलं. 1841 साली तो कलकत्त्याला एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचा क्युरेटर होऊन आला आणि 1862 पर्यंत तिथेच राबला. रानात फिरायला त्याला फारसं मिळालं नाही. नेपाळातून हॉजसन, दक्षिणेतून जेर्डन, ब्रह्मदेशातून फेअर त्याच्याकडे नमुने नि टिपणं धाडत. ते ताडून पाहायचे, नाव ठरवायचं, नोंद करायची, पाठवणाऱ्याला उत्तर लिहायचं. तू जिला कारकुनी म्हणतेस ती हीच! तिच्यातूनच 1849 चा पक्ष्यांचा कॅटलॉग उभा राहिला. हिवाळ्यात आपल्याकडे झुडपांत ‘चक् चक्’ करणारा बोरू वटवट्या आहे ना, त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन त्याच साली ब्लिथनंच केलं.

डार्विन त्याला पाळीव जनावरांबद्दल प्रश्न विचारी आणि हा पानंच्या पानं भरून उत्तरं देई. वॉलेसचा प्रजातींवरचा निबंध तुम्हाला कसा वाटला, असं त्यानं डिसेंबर 1855 मध्येच डार्विनला विचारलं होतं. पुढे 1859 च्या ग्रंथात, पहिल्याच प्रकरणात, डार्विननं ब्लिथच्या मताला जवळजवळ सर्वांच्या वर मान दिला. हाताखालून हजारो नमुने गेल्यावाचून असा अधिकार येत नाही, मृणाल.

एका बाबतीत मात्र त्याचा कित्ता गिरवू नकोस. वीस वर्षं त्याचा पगार वाढला नाही. 1857 मध्ये बायको गेली, मग तब्येत ढासळली, आणि तो मायदेशी परतला तो थकूनच. तुझी पगारवाढ लेखी माग. रजा साठवत बसू नकोस, घे. फॉर्मॅलिनच्या खोलीत खिडकी उघडी ठेव.

आणि ठिकाण, तारीख, पाठवणाऱ्याचं नाव नसलेले नमुने आधी वेगळे काढ. जुन्या आवक-नोंदवह्या कुठे पडल्यात, ते तिथल्या जुन्या शिपायांना विचार. त्यांना नक्की ठाऊक असेल. वह्या सापडल्या की कळव, दिवाळीनंतर मी येतो, दोघं मिळून वाचू.

तुझा,
मामा